शेवटचे पंधरा फूट

भारताला जगाशी जोडणाऱ्या समुद्राखालच्या इंटरनेट केबल्स सगळ्यात जास्त उतरतात त्या मुंबईत. त्यातही बहुतेक कुठे? वर्सोव्याला. जहाजांचे नांगर, मासेमारीची जाळी आणि तांबडा समुद्र एवढं सगळं चुकवून डेटा अंधेरी पश्चिमेला सुखरूप पोचतो.

आणि हॉलमधून बेडरूमकडे जाताना दगावतो.

मुळात तुमची वेब सिरीज तेवढ्या लांबून येतही नाही. नेटफ्लिक्सने आपल्या मालिकांचा साठा इंटरनेट कंपन्यांच्या उंबरठ्याच्या आतच नेऊन ठेवलाय. ‘ओपन कनेक्ट’ म्हणतात त्या यंत्रांना. म्हणजे जे जास्त बघितलं जातं ते अमेरिकेहून नाही, इथूनच जवळपासच्या एखाद्या डेटा सेंटरमधून निघतं. घाटकोपरहून ऐरोलीला जायला तुम्हाला तास लागेल, डेटाला पापणी लवायचाही वेळ लागत नाही. त्याचा ट्रॅफिक जॅम तुमच्या शू-रॅकपाशी होतो.

तरी ‘नेट स्लो आहे’ म्हटलं की उपनगरी माणूस पहिलं काम काय करतो? प्लॅन वाढवतो. १०० चा २००, २०० चा ३००. नळाला पाणी येत नाही म्हणून गच्चीवरची टाकी मोठी बांधायची, त्यातला प्रकार.

हिशेब बघा. फोर के सिनेमाला १५ एमबीपीएस पुरतात, फुल एचडीला ५. हे नेटफ्लिक्सच सांगतं. ३०० च्या प्लॅनमध्ये एका वेळी वीस फोर के सिनेमे चालतील. टू बीएचकेमध्ये वीस माणसं फक्त सत्यनारायणाला जमतात.

आणि तेव्हा टीव्ही बंद असतो.

शिवाय फोर के बघायचं तर नेटफ्लिक्सचा सगळ्यात महागडा प्लॅन लागतो. तो घेतलाय? नाही. मग त्या ५५ इंची टीव्हीत फोर के नेमकं काय आहे? खोक्यावरचं स्टिकर.

सरकारचंही कौतुक केलं पाहिजे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३ मध्ये मोठ्या मनाने व्याख्या वाढवली : किमान २ एमबीपीएस. एवढ्यात धड एचडी चालत नाही, पण कागदोपत्री तुम्ही ब्रॉडबँडवाले.

तक्रार केली की नेटवाला पोरगा येतो. चपला दारात काढतो, राउटरला जवळजवळ टेकून उभा राहतो आणि स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट लावतो. काटा सरसर ३०० वर.

‘बघा काका, फुल येतंय.’

‘अरे, पण बेडरूममध्ये ये की.’

‘ते तुमच्या भिंतीचं आहे, काका. त्याला आम्ही काय करणार?’

राग येतो ना? पण पोरगं खरं बोलतंय.

राउटर तुमच्या घरात कुठे आहे? दाराशी. का? कारण डक्टमधून आलेली वायर दाराच्या चौकटीला भोक पाडून आत आली आणि तिथेच संपली. घरातली सर्वांत महत्त्वाची वस्तू कुठे ठेवायची, हे ड्रिल मशीनने ठरवलं. मग इंटिरियरवाला आला. त्याला ते काळं डबडं आवडलं नाही. त्याने ते टीव्ही युनिटच्या फळीमागे घातलं, किंवा चपलांच्या कपाटात, किंवा माळ्यावर जुन्या सुटकेसच्या सोबतीला.

आता ते अर्धं वायफाय जिन्याला देतं. शेजारच्यांच्या दारात सिग्नल उत्तम आहे, चौकशी करा.

लोखंडी कपाट, मोठा आरसा आणि वास्तुशास्त्रवाल्याने ईशान्येला ठेवायला लावलेली माशांची टाकी, ही तिन्ही वायफायची शत्रुस्थानं. धातू लहरी परतवतो, पाणी शोषतं. घरात समृद्धी आली की नाही ते मासेच जाणोत. नेट मात्र तिथेच बुडालं.

आता भिंती. जुन्या मुलुंड-बोरिवलीच्या चार मजली सोसायट्यांमध्ये आतल्या भिंती साडेचार इंची, विटांच्या. वायफाय कुरकुरत का होईना, पलीकडे जायचं. मग आलं रिडेव्हलपमेंट. नव्या टॉवरांमध्ये बऱ्याच ठिकाणी ‘मायवान’ पद्धत असते : ॲल्युमिनियमचे साचे लावायचे आणि भिंती, स्लॅब सगळं एकदमच ओतायचं. वीट नाहीच. दोन खोल्यांमधली भिंतसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटची. कॅलेंडर टांगायचं तरी ड्रिलवाल्याला फोन करावा लागतो. तिथून वायफाय काय डोंबल पार होणार?

बरं, भिंतीत खाच पाडून वायर टाकू म्हणाल, तर ती भिंतच इमारतीचा भार पेलत असते. तिला हात लावायचा नाही. जे पाइप घालायचे ते काँक्रीट ओतण्याआधी. बिल्डरने घातले का? घातले की. टेलिफोनचा पॉइंट दिलाय.

लँडलाइनसाठी.

जादा कार्पेट मिळालं म्हणून पेढे वाटले होते. ते जादा अंतर सिग्नललाही तोडावं लागतं, हे सर्वसाधारण सभेत कुणी विचारलं? तिथे दोन तास पार्किंगवर गेले. स्लॅब ओतायच्या आधी एक प्रश्न विचारायचा होता : ‘प्रत्येक खोलीत लॅनचा पॉइंट आहे का?’ एक ओळ. इतिवृत्तात मावली असती.

दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने मात्र हे ओळखलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीबद्दल तारे द्यायचे नियम काढले. हॉटेलला असतात तसे. मस्त कल्पना आहे. फक्त तारे मागायला बिल्डरने किंवा सोसायटीने स्वतःहून जायचं. सक्ती नाही.

गेले तर कळवा.

भिंतीनंतर गर्दी. सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडा. स्क्रोल करताना अंगठा दुखतो. त्यातले कित्येक राउटर २.४ गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात आहेत. या पट्ट्यात एकमेकांवर न आदळणारे चॅनेल किती? तीनच : १, ६ आणि ११. बाकी सगळा कलकलाट. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, आणि त्याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह. कुणी पोहे गरम केले की कुणाची मीटिंग अडखळते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा रुंद आहे, वेगवान आहे, आणि २०१८ मध्ये सरकारने त्याचा मोठा भाग विनापरवाना वापराला मोकळा केला. त्याला भिंत मात्र जास्त जड जाते. म्हणून टीव्ही हॉलमध्येच असेल तर ५ वर टाका, लांबच्या खोलीतला सीसीटीव्ही २.४ वर राहू दे. एवढं साधं आहे. पण राउटरच्या नावापुढे ‘५जी’ दिसलं की आपण म्हणतो, ‘माझा फोन फोर जी आहे, मला नाही चालणार.’ त्या ५ चा आणि मोबाइलच्या ५ चा काडीचा संबंध नाही. तरी दोन्हींचा रिचार्ज आपणच करतो.

६ गिगाहर्ट्झही आहे. अमेरिकेने २०२० मध्ये खुला केला. आपल्याकडे त्याच्या खालच्या भागासाठी नियमांचा मसुदा आला मे २०२५ मध्ये. घाई कुणाला होती?

मग आठ अँटेनांचा राउटर येतो. कोळ्यासारखा दिसणारा. त्याचा आवाज बेडरूमपर्यंत पोचतो हे मान्य. फोनमध्ये पूर्ण रेघा दिसतात. पण नेट म्हणजे संवाद आहे, भाषण नाही. फोनलाही उत्तर परत पाठवावं लागतं, आणि त्या बिचाऱ्याची अँटेना नखाएवढी.

रेघा पूर्ण, सिरीज बंद.

मग रिपीटर. तो कुठे लावतात? जिथे नेट येत नाही तिथे, बेडरूममध्ये. अहो, त्यालाच काही ऐकू येत नाही तर तो पुढे काय सांगणार? तो मधल्या पॅसेजमध्ये हवा. तिथेही स्वस्तातला रिपीटर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि त्याच चॅनेलवर बोलतो, म्हणजे वेग निम्मा. मेश, म्हणजे घरभर ठेवलेल्या राउटरच्या डब्यांचा एकच संच, त्याहून बराच बरा. पण त्याच्या डब्यांनाही काँक्रीटच्या आरपार एकमेकांशी बोलावं लागतंच. ते डबे आपसांत वायरने जोडले की खरी मजा.

आला ना शेवटी तो शब्द? वायर.

टीव्ही उठत नाही, फिरत नाही, जन्मभर एकाच भिंतीवर असतो. त्याला बिनतारी का पाहिजे? हॉलमधून बेडरूमपर्यंत दारांच्या वरून केसिंग पट्टीतून एक कॅट सिक्स केबल न्या, तिकडच्या टोकाला एक साधा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, विषय संपला. शंभर मीटरपर्यंत ती केबल दमत नाही. शंभर मीटर म्हणजे तुमचा पूर्ण मजला, लिफ्ट धरून.

पण नाही. ‘वायर दिसेल.’

दिसेल! पेंटच्या रंगाची अर्ध्या इंचाची पट्टी दिसेल. बाल्कनीतून समोर बघा. या विंगच्या गच्चीवरून त्या विंगच्या गच्चीवर, झाडातून, पिंपळाच्या फांदीला वेटोळे घालून जाणाऱ्या काळ्या वायरींची जाळी दिसते ना? ती चालते. पावसाळ्यात फांदी पडली की दोन दिवस नेट जातं, तेही चालतं. घरातली पट्टी मात्र सौंदर्यदृष्टीला बोचते.

आणि वायर टाकलीच तर टोक नीट करून घ्या. आत आठ तारा असतात. घाईतला कारागीर चार जोडतो, कारण चारांवरही नेट ‘येतं’. येतं, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. तुम्ही ३०० चे पैसे भरता, उरलेले २०० त्या प्लास्टिकच्या पिनेत बसलेले असतात.

आणि कंपनीच बदलू म्हणाल, तर सेक्रेटरींना विचारून बघा, दुसरी कंपनी का नाही येत आपल्या सोसायटीत? ‘एनओसीचा विषय आहे.’ कुणाची एनओसी? सोसायटीची. म्हणजे कुणाची? इथे सेक्रेटरींना दुसरा फोन येतो.

त्यांच्या फोनला रेंज चांगली असते.

समजा, सगळं जमलं. राउटर कपाटातून बाहेर आला, वायर पडली, आठही तारा जुळल्या. आयपीएल लावली. चित्र लख्ख. गोलंदाज अजून रनअपवर आहे आणि खालच्या मजल्यावरून आरोळी : ‘सिक्स!’

हा वायफायचा दोष नाही. नेटवर सामना काही-काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. टीव्ही दोन-चार तुकडे आधी गाठीशी बांधतो आणि मग दाखवतो. प्लॅन ३०० चा करा नाहीतर १००० चा, तो उशीर राहणारच. खालच्या काकांकडे अजून डिश आहे, त्यांना तो षटकार तुमच्या आधी कळणार.

उपाय एकच. त्यांनाही फायबर घ्यायला लावा.