टूर द खुराडं

माझ्या माहेरी पाहुणे आले की खुराड्यातली एक कोंबडी कमी व्हायची. गेल्या खेपेला अमेरिकेत मी स्वतः पाहुणी होऊन एका दिवसात चार खुराडी बघून आले आणि चारही ठिकाणी कोंबड्यांचा आकडा होता तेवढाच राहिला. हे मी मोजून सांगते आहे. त्यातल्या एका ठिकाणी तर तो माझ्यामुळे राहिला.

झालं असं की आम्ही दोघं लेकीकडे सनीवेलला मुक्कामाला होतो. सिलिकॉन व्हॅलीतलं हे गाव. तिथे भाजीच्या दुकानात मराठीत कुजबुजायची सोय नाही. रांगेत मागे उभा असलेला हमखास कोथरूडचा निघतो. एका बुधवारी जावई म्हणाले, "आई, शनिवारी कोंबड्या बघायला जायचंय."

"बघायला कशाला जायचं? अख्खी आणा, तुकडे मी करते."

लेकीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी एकदम परदेशात असल्यासारखी गप्प झाले. मग जावयांनी नीट समजावलं. या प्रकाराला 'टूर द कूप' म्हणतात. कूप म्हणजे खुराडं; बाकीचं नाव टूर द फ्रान्सवरून उचललेलं, कारण ही खुराडी सायकलवरून हिंडत बघायची असतात. नोंदणी फुकट. नोंदणी केली की नकाशा मिळतो. पालो आल्टो, माउंटन व्ह्यू अशा गावांतली ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत ती मंडळी त्या दिवशी फाटक उघडं ठेवतात. अनोळखी माणसं आत येतात, कोंबड्या बघतात, अंड्यांच्या रंगाबद्दल चार शब्द बोलतात आणि पुढच्या घरी जातात. आमच्याकडे असं घरोघर फिरतात ते गणपतीत, आणि तेही प्रसादावर डोळा ठेवून.

सायकलचा प्रश्न अवघड होता. ह्यांची शेवटची सायकल चाळीस वर्षांपूर्वी स्टेशनबाहेरून चोरीला गेली आणि त्यानंतर ह्यांनी दुसऱ्या कुठल्याही सायकलवर विश्वास टाकला नाही. मी तर कधी शिकलेच नाही. शेवटी लेक, जावई आणि नात सायकलवर निघाले आणि आम्हा दोघांना लेकीच्या मैत्रिणीने गाडीतून सोडायचं ठरलं. पण पर्यावरणासाठी निघालेल्या यात्रेला मोटारीतून उतरायचं ह्यांच्या जिवावर आलं. त्यांनी गाडी प्रत्येक वेळी एक गल्ली अलीकडे थांबवायला लावली आणि जावयांचं जादाचं हेल्मेट डोक्यावर चढवून ते पायी आत शिरले. दिवसभर लोक त्यांना विचारत होते, सायकल कुठे लावलीत? ते हात हवेत फिरवून मोघम दिशा दाखवत.

पहिलं खुराडं पाहिलं आणि मला आमची डोंबिवलीतली पहिली खोली आठवली. ती याहून लहान होती. ह्याला उतरतं छप्पर, रंग मालकाच्या बंगल्याला जुळणारा, अंडी घालायच्या खणांना फुलाफुलांचे पडदे. पडदे शोभेचे नव्हेत. कोंबडीला अंडं घालताना अंधार आणि आडोसा लागतो. हे मला ठाऊक होतं. आमच्या कोंबड्यांनी तो आडोसा भाताच्या कणगीमागे, आजोबांच्या लाकडी पेटीवर आणि एकदा थोरल्या काकूच्या लुगड्यांच्या गाठोड्यात शोधला होता. दाराला प्रकाश ओळखणारं यंत्र: उजाडलं की फळी वर, मावळलं की खाली. आत कॅमेरा, मालकाच्या फोनवर चोवीस तास कोंबड्यांचं चलच्चित्र.

आमचं खुराडं कुडाळजवळच्या गावात, पडवीच्या कडेला. जांभ्या चिऱ्यांचा चौथरा, पुढे फळी, फळीला टेकवलेला धोंडा. स्वयंचलित यंत्र म्हणजे मी. कातरवेळी कोंबड्या आपणहून आत जातात, त्यांना शिकवावं लागत नाही. मोजून धोंडा लावायचं काम माझं. दिव्याला नमस्कार करायच्या आधी आजी विचारायची, "कोंबडां झाकलंस काय गो?" आणि लगेच, "किती?" आकडा चुकला तर जेवण मागे राहायचं आणि कंदील घेऊन शोध पुढे.

तिथे मुंगसाचं भय, इथे रकूनचं. डोळ्यांवर काळी पट्टी असलेला हा प्राणी दिसतोही चोरासारखा आणि त्याचे पुढचे पंजे इतके हुशार की साधी कडी तो सहज काढतो. मालकांनी दोन-दोन खिट्ट्या दाखवल्या आणि जाळीवर बोट ठेवून म्हणाले की कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, रकूनला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंची भोकांची, जाड तारेचीच घ्या. ह्यांनी ताबडतोब माहिती पुरवली की आमच्या इमारतीतही चिकन मेश आहे. मालक खूश. ती विटा आणि काँक्रीटच्या सांध्यावर, प्लास्टरच्या आत आहे आणि सोसायटीत कोंबडी नेली तर सेक्रेटरी नोटीस काढतात, हे ह्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या घरी गर्दी होती. बर्ड फ्लूने अमेरिकेतल्या अंड्यांचा सरासरी भाव मार्च २०२५ मध्ये डझनाला ६.२३ डॉलरवर नेऊन ठेवला, तेव्हापासून परसातली कोंबडी म्हणजे बचत अशी अनेकांची समजूत झालेली. ह्यांनी बँकेत छत्तीस वर्षं कर्जप्रकरणं तपासली आहेत. ते कागद मागून हिशेबालाच बसले. खुराडं तीन हजार डॉलर, पाच वर्षांत विभागून सहाशे. एका कोंबडीला रोज साधारण सव्वाशे ग्रॅम खाद्य. सेंद्रिय खाद्य धरून चार कोंबड्यांचे वर्षाला तीनशे. अंडी चार कोंबड्यांची मिळून वर्षाला हजार, तीही त्या मन लावून काम करतील तर. म्हणजे एक अंडं नव्वद सेंटला, डझन जवळजवळ अकरा डॉलरला. "आणि ह्यात मालकाची मजुरी धरलेली नाही," ते मला म्हणाले. "असं प्रकरण माझ्याकडे आलं असतं तर मी सही केली नसती."

पण घरच्या मालकीणबाईंच्या हातातली टोपली पाहिल्यावर ते गप्प झाले. निळसर, हिरवट, चॉकलेटी, फिकट गुलाबी. होळीनंतरची मुलं वाटावीत अशी अंडी. निळं अंडं कवचात आरपार निळं असतं, तपकिरी रंग मात्र शेवटी वरून चढतो, हे बाईंनी फोडून दाखवलं. तपकिरी कवच आतून पांढरं. नातीने विचारलं, आतलं पिवळंही निळं असतं का? नसतं. ती बरीच हिरमुसली.

इथेच मला माझं पांडित्य दाखवायची संधी मिळाली. कोपऱ्यात सिल्की जातीची एक कोंबडी फुगून बसली होती. सिल्कीची पिसं केसांसारखी मऊ, कातडी काळी, पायाला बोटं पाच. लांबून बघितलं तर आजीबाईंनी काढून ठेवलेली लोकरीची टोपी. बाई काळजीने म्हणाल्या, ही अंड्यांवरून उठतच नाही, खाली अंडं नसलं तरी बसते, हात लावला तर टोचते.

"खुडूक झालीय," मी म्हटलं.

जावयांनी भाषांतर करायचा प्रयत्न केला, पण मी थांबवलं. मी बाईंना शब्दच शिकवला. त्यांना 'ड' जमेना, 'खुरूक' म्हणाल्या. मग उपाय सांगितले: पोटाखाली वारा लागेल अशा जाळीवर दोन दिवस ठेवायची, नाहीतर थंड पाण्यात पोट बुडवून काढायचं. बाई चकित झाल्या. हेच त्यांनी तीन पुस्तकांत वाचलं होतं. आमच्याकडे नाकपुडीत पीस खुपसायचाही एक उपाय होता, पण तो मी पोटात ठेवला. त्या कोंबडीसाठी वेगळी उशी होती; पीस नाकात गेल्याचं तिला सहन झालं नसतं.

तिथून निघताना मला एकदम जाणवलं की सकाळपासून काहीतरी चुकतंय. आरवणं नव्हतं. दोन घरं, चौदा कोंबड्या, आणि एकही कुकूचकू नाही. चौकशी केली तर कळलं, कोंबड्याला इथल्या बहुतेक गावांत बंदी आहे. शेजाऱ्यांची झोप मोडते. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. इथे ते कायद्यानेच झाकलेलं. अडचण एवढीच की इवल्या पिल्लात नर-मादी ओळखणं कठीण. माद्या म्हणून आणलेल्या चारांतला एक चार महिन्यांनी तुरा फुलवून पहाटे बांग देतो आणि घरात सुतक पडल्यासारखं होतं. मग त्याला चांगलं घर मिळावं म्हणून ओळखीपाळखीत शब्द टाकायचा, फोटो पाठवायचे. जावई म्हणाले, "लग्न जुळवण्यासारखंच." आमच्या गावी जादाच्या कोंबड्यासाठी स्थळ शोधावं लागत नसे. राखणदार होता. गाऱ्हाणं घातलं जाई, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणत, आणि रात्री वडे होत.

तिसऱ्या घराचा मालक एक तरुण पोरगा, जीवशास्त्रातला. त्याने खुराड्याबाहेर फलक लावला होता. कोंबडीचा मूळ पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की पिवळे पाय देणारं जनुक तिला राखी रानकोंबड्याकडून मिळालं, आणि हा राखी रानकोंबडा भारताच्या दक्षिण-पश्चिम भागातला. सह्याद्रीतला! ज्याची तुटक आरोळी मी लहानपणी काजूच्या बागेत ऐकायची तोच! ह्यांनी हेल्मेट काढलं, वाकून एका रोड आयलंड रेडचे पिवळे पाय न्याहाळले आणि लांबच्या भाच्याला विचारावं तसं तिला विचारलं, "ग्रीन कार्ड कधी मिळालं?"

त्याच पोराने मूठभर अळ्या टाकल्या आणि कोण आधी खातं ते बघायला सांगितलं. थोरली पुढे आली, धाकटी सरकली, तिने तिच्याहून धाकटीला टोचलं. ही टोचण्याची उतरंड थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे या नॉर्वेच्या माणसाने लहानपणापासून कोंबड्या बघून बघून १९२१ साली डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडली. आमच्या घरी आजीच्या हाताखाली चार सुना होत्या. बिचाऱ्याने कोंबड्यांत उगाच वर्षं घालवली.

आता तो प्रश्न, जो मी विचारायला नको होता. चौथ्या घरी, म्हाताऱ्या मालकीणबाईंच्या परसात, लिंबाखाली एक जाडजूड कोंबडी उन्हात पसरली होती. मी विचारलं, ही किती अंडी देते?

"आता नाही देत. आठ वर्षांची आहे."

"मग?"

"मग काय?" बाई म्हणाल्या.

सगळं परस शांत झालं. जावई लिंबं मोजू लागले. मला ती शांतता समजेना, कारण हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारतच नसे. त्याचं उत्तर कांदा-खोबऱ्याच्या वाटणात असे. बाई समजुतीने म्हणाल्या, ती निवृत्त झालीय. खाद्य तेच, डॉक्टर तोच, थंडीत दिवाही तोच.

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ह्यांचं मूळ पेन्शन निवृत्तीच्या दिवशी जिथे ठरलं तिथेच बसलं आहे. ते वाढावं म्हणून हे दर महिन्याला निवृत्तांच्या सभेला जाऊन ठराव मांडतात. "म्हणजे हिला शेवटच्या पगाराइतकं पूर्ण," ते हळूच मला म्हणाले, "आणि वर वैद्यकीय." परत येईपर्यंत ते त्या कोंबडीबद्दल एकदाही चांगलं बोलले नाहीत.

तीन वाजता यात्रा संपली. बाई कोंबड्यांना आत घेऊ लागल्या. त्या फोनवर कॅमेरा बघत होत्या, मी आपली जुन्या सवयीने फळीकडे. एक, दोन, तीन, चार, पाच.

"सहा होत्या," मी म्हटलं.

बाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर कोंबड्या एकमेकींच्या अंगावर बसलेल्या. त्यात पाच की सहा ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण फाटक कोणीतरी उघडं टाकलं होतं. पोरं सायकली घेऊन गल्लीत पळाली, जावई कुंपणावर चढले, बाई "हनी, हनी" अशा हाका मारू लागल्या. हनी हे त्या कोंबडीचं नाव असल्याचं नंतर कळलं. तोवर हे दोनदा वळून बघून झाले होते.

मी खाली वाकले. शेजाऱ्यांच्या गाडीखाली दोन पिवळे पाय दिसले. पर्समध्ये पोह्यांचा चिवडा होता. 'कोंबड्यांना बाहेरचं खाऊ घालू नका' ही पाटी मी चारही घरी वाचली होती. तिच्याकडे पाठ करून शेंगदाणे बाजूला काढले, पोहे भुरभुरले आणि साठ वर्षांपूर्वीची हाक तोंडातून आपोआप आली: "बा बा बा बा…" आधी चोच आली, मग मान, मग सगळी हनी. एका हाताने पंख, दुसऱ्याने पाय, हे हात विसरत नाहीत. उचलून छातीशी धरली तेव्हा टाळ्या पडल्या. नात तर उड्याच मारत होती. आजीला असलं काही येतं ह्याची तिला कल्पना नव्हती.

बाई डोळे पुसत जवळ आल्या. मी कोंबडी त्यांच्या हातात देण्याआधी जरा वरखाली केली. म्हणजे मी नाही केली, हातच ते. आणि तोंडातून निघून गेलं, "दोन किलो भरेल. सात माणसं जेवतील, वडे असले तर."

"काय म्हणाल्या?" बाईंनी जावयांना विचारलं.

जावई कुंपणावरून उतरत होते. "त्या म्हणतायत," ते इंग्रजीत म्हणाले, "तब्येत फार छान ठेवलीय तुम्ही."