'गेलो' की 'गेला'?

कथेतील हकिकत वाचकाला सांगणाऱ्या आवाजाला निवेदक म्हणतात, आणि हा निवेदक कथेत स्वतः वावरत 'मी' म्हणून बोलत असेल तर ते निवेदन प्रथमपुरुषी, तर कथेबाहेर उभा राहून 'तो', 'ती', 'ते' यांच्याविषयी सांगत असेल तर तृतीयपुरुषी ठरते. या दोहोंतून एकाची निवड करणे हे कथालेखकाचे पहिले काम होय, आणि प्रस्तुत लेखक एका सोळा पानी कथेसाठी गेली दीड वर्षे हे पहिलेच काम करीत आहे. 'प्रस्तुत लेखक' ही संज्ञाही येथेच स्पष्ट केलेली बरी : विद्वत्तेच्या गद्यात 'मी' लिहिणे शिष्टसंमत नसल्यामुळे तो ज्या पडद्याआड लपतो त्या पडद्याचे हे नाव असून, पडद्याखालून त्याच्या चपला बहुधा दिसत असतात.

संस्कृत व्याकरणात लेखकाच्या अहंकाराची सोय अधिक चांगली होती. मराठीत ज्याला तृतीय पुरुष म्हणतात तो तेथे प्रथम पुरुष, 'तू' हा मध्यम पुरुष आणि 'मी' हा चक्क उत्तम पुरुष. येथे 'उत्तम' म्हणजे केवळ 'शेवटचा' असे जाणकार बजावून सांगतात, परंतु प्रस्तुत लेखकाने ते स्पष्टीकरण कधी मनावर घेतलेले नाही. संतांनी नेमकी उलट वाट धरली आणि 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' अशा नाममुद्रेने, म्हणजे अभंगाच्या शेवटी गुंफलेल्या स्वतःच्या नावाने, स्वतःलाच तृतीय पुरुषात नेऊन बसवले. महाविद्यालयात असताना प्रस्तुत लेखकानेही हा प्रयोग करून पाहिला होता, परंतु पाच अक्षरी नावामुळे प्रत्येक अभंगाचा शेवटचा चरण मोडला आणि मराठी भक्तिकाव्याची परंपरा थोडक्यात बचावली.

कथेचा पहिला खर्डा प्रथमपुरुषी होता, आणि तो तसा असण्याचे कारण म्हणून लेखकाने नम्रता पुढे केली होती. जे स्वतः पाहिले तेवढेच सांगावे, दुसऱ्याच्या मनात शिरण्याचा आव आणू नये, असा तो युक्तिवाद होता. मोजणी केली तेव्हा या नम्रतेत 'मी' हा शब्द दोनशे अकरा वेळा आढळला, आणि मराठीत कर्ता गाळूनही 'गेलो', 'जेवलो', 'गहिवरलो' असे लिहिता येत असल्यामुळे क्रियापदांच्या शेपटीत दडलेले 'मी' त्यात धरलेलेच नव्हते. शिवाय 'मी' वाचले की नातेवाईक ती साक्ष समजतात, आणि एका मामेबहिणीने कथेतील उसने घेतलेले पैसे कोणाचे, याची चौकशीही आरंभली होती.

म्हणून संगणकाला आज्ञा देऊन 'मी'च्या जागी सर्वत्र 'तो' घालण्यात आला. त्यासरशी आमटीत 'तोठ' 'कतो' पडले, लक्ष्मीची 'लक्ष्तो' झाली, आणि क्रियापदांना या सत्तांतराची वार्ताच न लागल्यामुळे पानोपानी 'तो गेलो', 'तो बसलो', 'तो रडलो' अशी वाक्ये उभी राहिली. कोकणी आणि मालवणी बोलणाऱ्यांना त्यांत काहीच वावगे वाटणार नाही, कारण तिकडे 'तो गेलो' हेच शुद्ध रूप आहे. तेव्हा पुण्यातील सदाशिव पेठेत वाढलेला कथानायक एका कळीसरशी वेंगुर्ल्याचा झाला, आणि खरे सांगायचे तर पहिल्यापेक्षा बराच जिवंत वाटू लागला.

या शेपटीचा विचार येथे थोडा विस्ताराने करणे भाग आहे. ज्यांना कथेची घाई असेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा, प्रस्तुत लेखकाला मात्र तो ओलांडवत नाही. कित्येक भाषांत 'मी' म्हणणारा पुरुष आहे की स्त्री हे शेकडो पाने झाकून ठेवता येते, परंतु मराठीत पहिले पाऊल टाकताच 'गेलो' की 'गेले' याचा निकाल लागतो. याचे कारण असे की अकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी कर्तरी प्रयोग होतो, म्हणजे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. उलट सकर्मक क्रियापदाचा बहुधा कर्मणी प्रयोग होऊन ते कर्माच्या मागे जाते, त्यामुळे 'मी भाकरी खाल्ली' यावरून भाकरीचे लिंग कळते, खाणाऱ्याचे कळत नाही. तेव्हा आपले लिंग लपवू इच्छिणाऱ्या मराठी निवेदकाला भाकरी खाता येते, पत्र फाडता येते, प्रसंगी खूनही करता येतो, परंतु खून करून पळता येत नाही. त्याला चहा घेता येतो, पिता येत नाही; प्रेम करता येते, प्रेमात पडता येत नाही; हसायचे तर 'मला हसू आले' असे म्हणून हसण्याचे उत्तरदायित्व झटकावे लागते, आणि घराबाहेर पडायचे तर 'मला जावे लागले' अशी सक्ती ओढवून घ्यावी लागते. असली तीन पाने लिहून प्रस्तुत लेखकाने मराठी गद्यात क्रांती केल्याच्या समाधानात एक आठवडा काढला, आणि मग कोल्हापूरकडच्या एका वाचक बाईंनी आपल्या भागात बायकाही 'मी आलो', 'मी गेलो' म्हणतात हे सहज सांगून ती क्रांती गुंडाळली. हरि नारायण आपटे यांनी मात्र असली लपवाछपवी न करता, 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकात 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः लिहिताना, सबंध कथा यमू या मुलीच्या तोंडी घातली आणि शेकडो पाने स्त्रीलिंगी क्रियापदांत काढली. तो काळ लक्षात घेता एका पुरुषाने हे करणे, ही गोष्ट क्रांतीच्या वल्गनांपेक्षा पुष्कळ अवघड होती.

कर्णाचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते व ते योग्यच आहे. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन अशी पात्रे आपापल्या तोंडाने बोलतात आणि शेवट कृष्णाकडे सोपवावा लागतो, कारण 'मी गेलो' हे वाक्य त्याच्या अखेरच्या अर्थाने कोणत्याही निवेदकाला उच्चारता येत नाही. रणजित देसाईंचा 'राधेय' तृतीयपुरुषी असल्यामुळे त्याच्यापुढे ही अडचण येत नाही.

तृतीय पुरुषाची अडचण निराळी आहे. सर्वांच्या मनातले जाणणारा आणि कोणाचाच नसलेला असा सर्वसाक्षी निवेदक मराठीत अवतरला की दुसऱ्याच वाक्यात त्याला कोणासमोर तरी वाकावे लागते : वकीलसाहेब 'आले', त्यांचा ड्रायव्हर 'आला', वकिलांच्या पत्नी 'त्या', आणि भांडी घासायला येणारी बाई त्यांच्या आईच्या वयाची असली तरी 'ती'. हा भेद पात्रांनी केला तर ते समाजाचे चित्रण ठरेल, परंतु येथे तो कथेबाहेर उभा राहून सर्व काही समदृष्टीने पाहणारा निवेदक करीत असतो, आणि समतेवर व्याख्याने देणाऱ्यांच्या, त्यांत प्रस्तुत लेखकाच्याही, पानांवर तो निमूटपणे छापला जातो. दुसऱ्या खर्ड्यात लेखकाने भांडीवाल्या बाईंना 'त्या' केले, तेव्हा एका साहित्यप्रेमी स्नेह्याने तेवढ्या सर्वनामाखाली लाल रेघ ओढून समासात 'मुद्रणदोष' असे लिहिले.

आणि मग आई. प्रथमपुरुषी कथेत 'आई' या शब्दावर काम भागते, परंतु 'मी' गेला की 'आई' कोणाची हा प्रश्न उभा राहतो, आणि 'त्याची आई' असे सोळा पानांत पन्नास वेळा लिहिणे कानाला सहन होत नाही. तिला नाव द्यावे लागते. ज्या घरात वडील 'ते' आणि आई 'ती' असते, तेथे मुलाच्या तोंडी आईचे नाव येण्याचा प्रसंग अर्ज भरण्यापलीकडे येत नाही. शिवाय तिला नावे दोन होती; एक माहेरचे, आणि दुसरे लग्नात तबकातील तांदळांवर अंगठीने लिहून दिलेले, जे तिला कोणी विचारून दिले नव्हते. यांपैकी कोणते घालावे हे न सुचल्याने लेखकाने शेवटी तिलाच विचारले, तेव्हा तिने हातातली भाजी खाली ठेवून, शाळेत हजेरी देताना घेतात तसे, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव एका दमात उच्चारले, आणि पुढे बराच वेळ ती काही बोलली नाही.

ते नाव घालून सिद्ध झालेला तृतीयपुरुषी खर्डा तिला वाचायला देण्यात आला. तिने चष्मा पुसून सोळाही पाने वाचली, कागद नीट जुळवून परत केले, आणि नायकाच्या मनोव्यापारांवर खर्ची घातलेल्या नऊ पानांविषयी एकच शंका विचारली :

"यातला हा 'तो' कोण रे? पहिल्यापासून खुर्चीत बसून नुसता विचार करतोय, सगळ्या बायका त्याला चहा आणून देतायत. एकदा तरी उठून कप विसळलाय का त्याने?"