मंगल कार्यालयातल्या गाळलेल्या जागा

लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या कॉलिन चेरी यांना एक प्रश्न पडला होता. चहूबाजूंनी माणसं बोलत असताना आपल्याला नेमकं एकाचंच बोलणं कसं कळतं? १९५३ साली त्यांनी त्याला ‘कॉकटेल पार्टीचा प्रश्न’ म्हटलं. साहेबांनी पुण्यातलं मंगल कार्यालय पाहिलेलं नसावं. पार्टीत माणसं निदान पेला सांभाळून बोलतात. आमच्याकडे दारात बँड, स्टेजवर मंगलाष्टकं आणि त्याच माइकवरून ‘पांढरी स्विफ्ट कोणाची आहे, ती काढा!’

चेरींनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणं सोडली आणि एकच मोठ्याने म्हणत राहायला सांगितलं. दुसऱ्या कानातलं भाषण मध्येच इंग्रजीतून जर्मनमध्ये गेलं, तरी त्यांना पत्ता नाही. पुरुषाच्या जागी बाई बोलू लागली, ते मात्र कळलं. आमच्या काकांचं हेच. मंगलाष्टकं संस्कृतात होती की मराठीत, सांगता यायचं नाही. पण तिसरं वधूच्या मैत्रिणीने म्हटलं, हे पक्कं.

पुढे १९५९ मध्ये नेव्हिल मोरे (साताऱ्याकडचे नव्हेत) यांना दिसलं, की दुर्लक्षित कानात स्वतःचं नाव आलं तर सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू येतं. एक तृतीयांशच? मावशीला चार रांगा पलीकडून दुसऱ्याच्या मुलीचं नाव ऐकू येतं, तेही बँड चालू असताना!

खरी गंमत रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये केली. ध्वनिमुद्रित वाक्यातला एक उच्चार कापून त्यांनी तिथे खोकला चिकटवला. ऐकणाऱ्यांना शब्द अख्खा ऐकू आला. खोकला नेमका कुठे होता, तेही सांगता येईना. कापलेल्या जागी नुसती शांतता ठेवली तर मात्र फट कळते. म्हणजे गोंगाट असला की मेंदूला गाळलेल्या जागा भरायची मुभाच मिळते. बरं, उत्तर तो पुढचे शब्द ऐकून मागाहून ठरवतो, आणि आपल्याला वाटतं की हे कानांनीच ऐकलं.

परवाच्या लग्नात कोणीतरी सांगत होतं, ‘मुलगा…’ – इथे ताशा – ‘…ला असतो, फार कमी बोलतो.’ आत्याने ‘ठाण्याला’ ऐकलं, मावशीने ‘लंडनला’. मावशीची मुलगी लग्नाची आहे. दोघींनी शपथेवर सांगितलं. काकांच्या श्रवणयंत्रात फक्त ताशा आला, कारण यंत्र ताशाही इमानाने मोठा करतं. दोन कानांत आवाज पोचायला मिलिसेकंदाहूनही कमी फरक पडतो, त्यावरून दिशा ओळखायची. बोलणाऱ्याचे ओठ वाचायचे. गोंगाटातून बोलणं वेगळं काढायची ही कामं मेंदूची. त्यातून समोरच्याच्या तोंडात जिलबी असली म्हणजे ओठांचाही उपयोग संपला.

गोंगाटात आपला आवाज आपोआप चढतो, हे एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्येच दाखवलं. गोंगाट थांबताना पूर्वसूचना देत नाही, ही अडचण. आत्या मावशीच्या कानाशी वाकून, बँडवर मात करत, काही सांगत होती आणि बँडवाल्यांनी नेमका तिथेच दम घेतला.

“श्रीखंड विकतचं आहे गं!”

मुलाकडच्या एकाही माणसाला गाळलेली जागा भरावी लागली नाही.