गुलाब घ्या, पुढे चला

जानेवारी उजाडला की महामार्गाच्या कडेला रस्ता सुरक्षेचा मांडव पडतो आणि ट्रकचालकाच्या हातात गुलाब पडतो. पिंपळगाव बसवंतहून लाल कांदा भरून दिल्लीच्या वाटेला लागलेली गाडी हात दाखवून थांबवली जाते. असा हात दिसला की चालकाचा एक हात कागदांच्या पिशवीकडे जातो आणि दुसरा खिशाकडे, ही अनेक वर्षांची सवय. यंदा खिडकीतून फूल आत येतं. माणूस घाबरतो. दंडाचा आकडा त्याला तोंडपाठ असतो, पण गुलाबाचे किती द्यायचे हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता गुलाबच का, असा खवचट प्रश्न कुणी विचारू नये. मोगलांच्या काळात नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं, म्हणजे प्रथेला इतिहासाचं पाठबळ आहे. शिवाय फूल लांबून आणावं लागत नाही, जानोरी-मोहाडीकडे हवं तेवढं मिळतं. पॉलिहाऊसमधल्या या गुलाबाला ऊन मोजून मिळतं, पाणी थेंबाथेंबाने मिळतं आणि तोडल्यावर लगेच थंडगार खोली मिळते. प्रवासही शीतगाडीतून. चालकालाही गार हवेची गरज असू शकते, हे सरकारला उशिरा का होईना पटलं. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मोठ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. त्याआधी जन्मलेल्या गाड्यांनी मे महिन्यात धुळं-शिरपूर कसं ओलांडायचं, तर पूर्वीसारखंच, ओला टॉवेल मानेवर टाकून. सत्काराचा मुहूर्त मात्र जानेवारीचा. निफाड तालुक्याचा पारा तेव्हा पाच-सहावर उतरतो आणि केबिनचं आपोआप शीतगृह होतं. फुलाच्या तब्येतीचा एवढा विचार करणारी यंत्रणा आपल्याला लाभली, हे भाग्यच.

फोटोचं सांगायला नको. फलकावर आठ चेहरे, सगळे हात जोडून. त्यातला एकही गाडी चालवणारा नाही. फलक बांधलाय कशाला, तर 'पुढे धोकादायक वळण' लिहिलेल्या खांबाला. म्हणजे रस्ता सुरक्षेचा संदेश वाचता यावा म्हणून रस्त्यावरचा सुरक्षेचा संदेश झाकलेला. गेली कित्येक वर्षं मी या फलकांविषयी लिहितोय आणि दरवर्षी ते दोन फुटांनी वाढतात. माझ्या लेखनाचा काही उपयोग होत नाही असं कुणी म्हणू नये.

असो, गुलाबाकडे येऊ. फूल घेतलं, चहा घेतला, मागच्या फळीला चमकती पट्टी चिकटवून घेतली, आता फूल ठेवायचं कुठे? समोरच्या काचेवर देव आहेत, फास्टॅग आहे, लिंबू-मिरची आहे. डॅशबोर्डवर वजनकाट्याची पावती, बिल्टी, तंबाखूची डबी आणि लेकीचा फोटो. शेवटी चालक फूल कानामागे खोचतो आणि राहूडचा घाट उतरतो. मालेगाव येईपर्यंत कानामागे टोचायला लागतं, म्हणून ते सीटमागच्या फळीवर, अंथरुणात. धुळ्याला मालकाचा फोन येतो, कुठपर्यंत आलास? शिरपूरला व्यापाऱ्याचा, माल कसा आहे? लाल कांदा उन्हाळ कांद्यासारखा टिकाऊ नसतो, ओल धरली की गोणीसकट सडतो. म्हणून ताडपत्रीची कड उचलून कांद्याला हवा दिली जाते, पावसाचं चिन्ह दिसलं की पुन्हा दोर आवळले जातात. कांद्याची चौकशी करणारी माणसं पिंपळगावपासून दिल्लीपर्यंत पसरलेली आहेत. पळासनेर मागे पडतं, बिजासन घाटात गाडी पहिल्या गियरवर कण्हायला लागते, सेंधव्याला पोचेतो गुलाबाची मान पडते. चालकाची तर मालेगावच्या पुढेच एकदा पडली होती, पण स्टिअरिंगवरचा हात जागा होता. फूल पाण्यात ठेवायला हवं होतं, असं पुष्पप्रेमी म्हणतील. केबिनमध्ये प्लॅस्टिकची बाटली असतेच. एक पिण्याच्या पाण्याची असते. दुसऱ्या बाटलीत काय असतं, ते मांडवातल्या पाहुण्यांनी विचारावं. त्यांना उत्तर मिळेल आणि गुलाब परत मिळेल.

दुसरी बाटली हौसेने बाळगलेली नाही. हजार-बाराशे किलोमीटर माल वाहून आणलेल्या माणसाला गोदामाच्या फाटकावर पहिलं वाक्य ऐकू येतं ते 'गाडी बाहेर लाव.' आत संडास असतो. फरशी बसवलेला, नळाला पाणी असलेला, दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' लिहिलेला. ज्याने माल आणला तो कर्मचारी नाही, ज्याने मालाची नोंद केली तो कर्मचारी. मग चालकाने कुठे जावं? गाडीच्या चाकाआड जावं, शेजारच्या शेतात जावं, आणि शेतकऱ्याच्या शिव्या खाव्यात, ज्या त्या शेतकऱ्याने रास्तच दिलेल्या असतात. गाडी खाली व्हायला एक दिवस लागो की तीन, चालक केबिनमध्येच. भत्ता फेरीचा ठरलेला असतो, थांबण्याचा नाही. हॉल्टिंग मिळालंच तर ते मालकाच्या हिशेबात, तेही भांडून. तीन दिवस थांबून चौथ्या दिवशी गाडी रिकामी झाली की तोच माणूस गेलेले तीन दिवस एका रात्रीत भरून काढायला बघतो आणि मग आपण मोटारीतून जाताना म्हणतो, हे ट्रकवाले किती बेफाम चालवतात! बेफाम कोण आहे? दोन माणसं लावली तर दोन तासांत खाली होणारी गाडी तीन दिवस उन्हात उभी करणारा, थंड खोलीत बसून 'उद्या बघू' म्हणणारा, तो बेफाम नाही का? त्याचे डोळे तपासायला शिबिर कधी भरतं?

हो, मांडवात नेत्रतपासणीही असते. दोन रात्री जागलेला माणूस भिंतीवरची अक्षरं वाचतो, शेवटच्या ओळीला अडखळतो, त्याला नंबर निघाल्याचं सांगतात. डोळे लाल का, हे तक्त्यात विचारलेलं नसतं. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकाला दिवसाचे आठ तास ठरवून दिले होते. लांब पल्ल्यासाठी परवानगी काढून फार तर दहा. कागदालाही सरकारने दमाने चालायची मुभा दिली आहे. ई-वे बिलाला दर दोनशे किलोमीटरमागे एक दिवस मिळतो, म्हणजे लोखंडाच्या गाडीला इथून दिल्लीपर्यंत सहा-सात दिवस निवांत मिळावेत. कांद्याला मात्र हे बिल लागतच नाही, ताज्या भाजीपाल्याला सूट आहे. कांद्याला व्यापाऱ्याचा फोन लागतो, आणि त्या फोनच्या हिशेबात परवाची पहाट असते.

चालकाकडे देशाने मनापासून पाहिलं ते जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन-तीन दिवसांत. जीवघेणा अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद नव्या न्याय संहितेत आली आणि चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोवर टँकर थांबले आणि जिल्ह्यातल्या पंपांवर रांगा लागल्या. स्कूटरवाल्यांना प्रथमच कळलं की पेट्रोल नळाने येत नाही, कुणीतरी चालवत आणतं. पळणारा चालक का पळतो, याचीही तेव्हा थोडी चर्चा झाली. जमाव पंचनामा करत नाही. समोरच्याची चूक असली तरी मार मोठ्या गाडीवाल्यालाच. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा कलम 106 चं ते दुसरं उपकलम बाजूला ठेवलं गेलं. गाड्या उभ्या होत्या त्या दिवसांत कुणी गुलाब वाटल्याचं ऐकिवात नाही. वाटायला जाणार कसं म्हणा, पेट्रोल नव्हतं.

यंदाच्या मांडवातल्या मान्यवरांना माझं एक निमंत्रण आहे. क्लीनर ठेवणं हल्ली मालकाला परवडत नाही, त्यामुळे चालकाच्या शेजारची सीट रिकामी असते. फोटो झाला की वर चढावं आणि सेंधव्यापर्यंत यावं, जेवण ढाब्यावर, आंघोळ मिळाली तर टाकीवर. वर चढताना गुलाब सोबत घेतला तरी चालेल. पाण्याची बाटली मात्र आपापली आणावी, दोन आणाव्यात. निघायची वेळ गाडी भरून झाल्यावर. गाडी कधी भरेल, ते विचारायचं नाही.