मालक

दारूगोळ्याच्या डेपोशेजारी वाढलेल्या पुलगावकराला तोफांचं अप्रूप जरा कमीच. तरी विजापूरच्या बुरुजावरची ती तोफ मला राहून राहून आठवते. १५४९ साली अहमदनगरात मुहंमद बिन हसन रूमीनं ती ओतली, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात चिरडलेला हत्ती कोरला आणि नाव पडलं मलिक-ए-मैदान, रणांगणाचा राजा. मराठी जिभेनं तिची 'मुलूखमैदान' केली. पुढे राजेपण असं उतरलं, की १८५४ मध्ये इंग्रजांनी तिला अडगळीसोबत लिलावात काढलं. सगळ्यात मोठी बोली आली १५० रुपयांची! साहेबालाच लाज वाटली असावी. विक्री रद्द झाली.

मलिक हे अरबी राजांचं बिरुद आणि अल्लाहच्या नावांतलंही एक. कुराणाच्या पहिल्या सूरेत निवाड्याच्या दिवसाचा तो 'मलिक' की 'मालिक', राजा की धनी, हे दोन्ही पाठ चालतात. एवढी थोर पदवी दख्खनेत येऊन बसली कुठे, तर हबशी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या अंबरच्या नावाआधी. ज्याला एकेकाळी मालक होते, तोच मलिक झाला, निझामशाही चालवू लागला, शेतसाऱ्याची घडी बसवू लागला. त्या पदवीच्या आयुष्यातला तो सगळ्यात देखणा काळ असावा.

आमच्याकडे पोचेस्तोवर तिच्या जोडीच्या 'मालिक'चा 'मालक' झाला, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या धोतरासारखा. पानठेल्यावर गिऱ्हाईकही मालक आणि ठेलेवालाही मालक. वावरात निंदणारी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, 'आमचे मालक' म्हणते. ते मालक त्या वेळी पारावर तिच्याच मजुरीचा चहा पीत बसलेले असतात. पण ती ज्या हळुवारपणे हे म्हणते, त्यापुढे बादशहाची द्वाही फिकी.

आर्वीला जाणारी आमची छोटी गाडी १९१७ सालची. तिची मालकी एका खासगी कंपनीची, सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वेची. देशभरच्या रेल्वे सरकारी झाल्या, ही लाईन मात्र राहून गेली. तिचा मालक आमच्यापैकी कुणी पाहिला नाही. खिडकीपाशी दुपट्टा टाकेल तो आर्वीपर्यंतचा मालक. आता ती गाडीच नाही.

परवा स्टेशनाबाहेर एका ऑटोच्या पाठीवर शिर्डीचं 'सबका मालिक एक' रंगवलेलं दिसलं. खालीच, जरा बारीक अक्षरांत, कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यांचं नाव.

"गाडी कोणाची जी?" मी विचारलं.

"तुमचीच समजा मालक," तो सीट झटकत म्हणाला, "बसा."