पावती खंड्याच्या नावानं

उधन्याच्या आमच्या सोसायटीत अप्पांना कोणी "काय चाललंय?" असं विचारत नाही. विचारलं की खंड्या निघतो.

अप्पा मूळचे धुळ्याकडचे. उभी हयात पांडेसऱ्याच्या मिलमध्ये डाइंग मास्तर. पॉलिस्टरवर निळा चढवता चढवता रिटायर झाले आणि नंतर कुठंसं वाचलं, की खंड्याच्या पाठीवरच्या निळ्यात निळा रंग नसतोच. पिसांच्या बारीक घडणीतून उजेड असा काही विखुरतो की आपल्याला निळं दिसतं. तिथून माणूस हाताबाहेर गेला. "ना डिस्पर्स डाय, ना जेट मशीन. आणि फास्टनेस बघा, भाऊ!" असं म्हणत त्यांनी शेजारच्या वहिनींच्या नव्या साडीवर अशी नजर टाकली, की वहिनी ती संध्याकाळीच दुकानात बदलून आल्या.

खंड्या मासे खातो, एवढं त्यांच्यापुढं बोलू नये. "तारेवर बसतो तो पांढऱ्या गळ्याचा. त्याला पाणी लागतंच असं नाही. नाकतोडे, सरडे, बेडूक, उंदराचं पिल्लूसुद्धा." शिकार फांदीवर आपटून कशी मऊ करतात, हे त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत मिरचीच्या भज्यावर करून दाखवलं. समोर नवरदेवाचे मामा होते, पांढऱ्या सफारीत.

अंत्रोलीला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार म्हटल्यावर तर ऊतच आला. जपानच्या 1997 च्या 500 सिरीज गाडीचं नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलंय, बोगद्यातून निघताना होणारा दणका त्यानं कमी झाला, हे आता आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगतं.

पण अप्पांचं खरं दुखणं वेगळं. आययूसीएनच्या यादीत त्यांचा खंड्या सर्वांत खालच्या, चिंता नको म्हणणाऱ्या वर्गात आहे. त्यात 2022 साली काळ्या टोपीचा खंड्या, कांदळवनातला, कोकण किनाऱ्यावर दिसणारा, थेट 'असुरक्षित' झाला. अप्पा दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "शेवटी कोकणातल्याचंच नाव पुढं! खान्देशाकडं बघतं कोण?"

यंदा सोसायटीमागच्या खणलेल्या दरडीत एका जोडीनं बीळ पाडलं. हातभर आडवा बोगदा, तोंडाशी विष्ठेचे पांढरे ओघळ, आणि वास असा की बी विंगच्या खिडक्या बंद. कमिटीनं पावसाळ्याआधी दरडीला सिमेंट मारायचं ठरवलं. मीटिंगमध्ये अप्पा उभे राहिले. तापीचे काठ बांधून काढले, आता मातीचा उभा कडा राहिलाय कुठं, पिल्लं उडेपर्यंत थांबा. अर्धा तास बोलले. हा एवढा मुद्दा मात्र त्यांचा बरोबर होता, आणि म्हणूनच कोणी ऐकत नव्हतं.

चेअरमननी चहाचा कप खाली ठेवला. "अप्पा, ए लोको मेंटेनन्स भरे छे?"

अप्पांनी तिथल्या तिथं पाकीट काढलं. तीन महिन्यांचे रोख मोजून दिले, आणि पावती खंड्याच्या नावानं फाडायला लावली. फ्लॅट नंबरच्या जागी सेक्रेटरीनं 'दरड' लिहिलं. पार्किंग मिळेल का, हे अप्पा अजून विचारताहेत.