बिनहुकमाचा कारभार

वसमतच्या मोंढ्यात हळदीचा हंगाम भरात आला की नजर आधी हमालांवर जाते. पोत्यात आकडा रुतवून ते पाठीवर घेताना मानेची शीर टरारते, पोटरीचा गोळा वर सरकतो आणि आपण म्हणतो, ‘काय ताकद आहे गड्यात!’ ताकद खरीच. पण हे हुकमाचे स्नायू. ‘उचल’ म्हटलं की उचलतात आणि चार खेपा झाल्या की चहा मागतात.

त्याच गड्याच्या आत दुसरी फौज राबत असते. शाळेत हिला अनैच्छिक स्नायू म्हणायचो. दोन्ही टोकांना निमुळत्या पेशी, अंगावर पट्टे नाहीत, कामाची घाई नाही. आवळून धरायला यांना शक्ती अगदी थोडी लागते. म्हणूनच रक्तवाहिन्यांच्या भिंती ते जन्मभर ताणून धरतात, तेही बिनचहाचे.

दुपारी भाकरी सोडली की आपल्या सत्तेची हद्द कळते. चावणं आपलं, गिळायला सुरुवात करणंही आपलं. अन्ननलिकेच्या वरच्या टोकाला दंडातल्यासारखेच पट्ट्यांचे स्नायू असतात. मध्ये सरमिसळ होते आणि खाली सगळा अंमल बिनपट्टेवाल्यांचा. मागून आवळायचं, पुढून सैल सोडायचं, की माल सरकलाच. आतड्याचा हा कायदा लंडनच्या बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ साली मांडला. आतडी तो आधीपासूनच पाळत होती.

त्यातही जठर फार भिडस्त. घास पोचायच्या आतच ते सैल होऊन जागा करून ठेवतं. रिकामं असताना जेमतेम मूठभर, पण लिटरभर ऐवज सहज पोटात घालतं. पंगतीत ‘आमच्या शब्दाखातर एक जिलबी’ म्हणणाऱ्याचा शब्द राखतं ते जठर. खवय्या म्हणून नाव मात्र आपलं होतं. मग मिनिटाला तीनेक लाटांनी घुसळण सुरू. पोट रिकामं झालं की साधारण दीड-दोन तासांनी वरून खालपर्यंत झाडलोट. पोटात कावळे ओरडतात ते पुष्कळदा या झाडलोटीचेच. बोली रंगात आली असताना अडत्याच्या पोटातून असा आवाज निघाला, तर त्याला हळदीचा भाव पाडता येईल. आवाज पाडता येत नाही.

आपल्या हाती दिलेली कामं दोनच: नीट चावायचं आणि वेळेवर ‘पुरे’ म्हणायचं. तीही आपण कशी करतो, हे बघता बाकीचा कारभार आपल्याला न विचारता चालतो, हे बरंच आहे.